लाईन आधी, एक्स्चेंज नंतर

भालचंद्र कुलकर्णी टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. घरातला मिक्सर बंद पडो की गल्लीतला दिवा, ते चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "लाईन आधी, एक्स्चेंज नंतर." म्हणजे बिघाड शोधायचा तर आधी तार बघायची, खांब बघायचा, गिऱ्हाइकाच्या घरातला डबा उघडायचा, उठल्यासुटल्या एक्स्चेंजमधल्या मोठ्या यंत्राला हात घालायचा नाही. छत्तीस वर्षं जालना जिल्हाभर फिरून त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला एवढंच शिकवलं. शिकवणाऱ्याला स्वतःचा धडा पाठ असतोच असं नाही, हे त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेही बायकोसमोर.

बायको म्हणजे ताराबाई. प्राथमिक शाळेत बाई होत्या. आवाज असा की त्यांनी पटांगणात 'सावधान' म्हणावं आणि रस्त्यावरच्या सायकलवाल्याने खाली उतरून उभं राहावं. दोन वर्षांपूर्वी घशाचं दुखणं निघालं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि माणूस वाचवलं. आवाज तेवढा गेला. कुजबुजणंसुद्धा गेलं.

सुरुवातीला ताराबाई पाटीवर लिहून दाखवत. पण पाटीची एक अडचण असते, समोरच्याने तिकडे बघावं लागतं. भांडणात तर कोणीच बघत नाही. मग भालचंद्रांनी जुना लॅपटॉप काढला आणि त्यात लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय बसवली. ताराबाईंना मराठी टंकलेखन येत होतं, बोटं सराईत होती. त्या टाइप करत आणि लॅपटॉप बोले. मोबाइलवरही असलं काही मिळतं, पण मोबाइलची अक्षरं बारीक, आणि त्यातली बाई फार गोड बोलायची. "ही कोणती पोरगी माझ्या तोंडून बोलून राह्यली?" असं ताराबाईंनी पाटीवर लिहिलं होतं. लॅपटॉपचा आवाज सपाट, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. भालचंद्रांनी तो जरा खाली आणला, जरा संथ केला. ताराबाईंनी तो ऐकला आणि टाइप केलं, "हा कोणाचाच न्हाई. म्हणून माझा होऊ शकतो." तेव्हापासून तो त्यांचाच झाला.

लॅपटॉप कुठल्याशा छोट्या कंपनीचा होता, आणि कंपनी केव्हाच बुडाली होती. त्यातली विंडोज म्हातारी झाली आणि म्हातारपणी तिला सूचना द्यायची हौस आली. ताराबाई जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणायला जात, तेवढ्यात पडद्यावर पाटी येई, या विंडोजचा सपोर्ट लवकरच संपणार आहे, कृपया थांबा. बोलणाऱ्याच्या तोंडावर कोणी हात ठेवावा तसं ते होतं. भालचंद्रांना राहवेना. त्यांनी महिनाभर वाचून-बघून ठरवलं की विंडोज काढायची आणि लिनक्स टाकायचं. फुकट असतं आणि गुमान काम करतं, असं त्यांनी वाचलं होतं. मुहूर्त दसऱ्याचा धरला. सकाळी पाटावर लॅपटॉप, मल्टिमीटर, पकड आणि ताराबाईंची पाटी मांडली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, उदबत्ती ओवाळली आणि दुपारी सीमोल्लंघन केलं.

सीमा ओलांडली खरी, पण पलीकडे आवाज नव्हता.

सगळं चालत होतं. पडदा, कळफलक, इंटरनेट, मराठी अक्षरं, वाचून दाखवणारी सोय, सगळं बराबर. फक्त आवाजाच्या जागी 'डमी आउटपुट' असं लिहून येत होतं. म्हणजे लिनक्सच्या मते या लॅपटॉपला आवाज काढणारं अंगच नव्हतं. मागे फिरावं तर जुनी विंडोज भालचंद्रांनी स्वतःच्या हाताने पुसली होती.

"दोन दिवसांत करतो," ते म्हणाले. ताराबाईंनी पाटी पुन्हा खाली काढली आणि तिच्यावरचं कुंकू पुसलं.

दोन दिवसांचे दहा झाले. जुन्या जालन्यात राधेश्यामचं मोबाइल-कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने एक गोल बिनतारी स्पीकर दिला. "काका, हा लावा, टेन्शन खतम." लावला. आवाज आला, पण कोपऱ्यातल्या टेबलावरून आला, आणि झोपेतून उठल्यासारखा पहिलं अक्षर गिळून आला. ताराबाईंनी दोन वाक्यं बोलून बघितली आणि स्पीकर बंद केला. पाटीवर लिहिलं, "मी इथं आन् आवाज तिथं. नको." स्पीकर परत गेला.

अशात दिवाळी आली, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तीर्थपुरीहून फोन. ताराबाईंचा भाचा सुयश, त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, त्याला आणि त्याची बायको सुरुचीला मुलगी झाली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सुयशला सख्खी बहीण नाही. पण बहीण असती तरी त्या घरात हा मान ताराबाईंचाच होता. भावांची, चुलत भावांची मिळून अकरा लेकरं, अकराही नावं त्यांच्या तोंडून जगात आली होती. सुयशचं नाव त्यांनी कानात 'हळूच' सांगितलं तेव्हा ओट्यावरच्या पुरुषांनाही ऐकू गेलं होतं. नाव सांगताक्षणी बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी बाळंतीण भावजयीने, म्हणजे बेबीनंदाने, उठून असा धपाटा घातला होता की ताराबाई तीन दिवस पाठ चोळत होत्या. नणंदेला मारायची तेवढीच अधिकृत संधी, ती कोण सोडतंय.

फोनवर सुयश म्हणाला, "आत्या, बारावा दिवस पुढच्या रविवारी येऊन राह्यला. नाव तुलाच ठेवायचं. मी आन् सुरुचीनं ठरवलंय, तिथं आल्यावर फक्त तुला सांगणार."

मागून बेबीनंदाचा आवाज आला. "ताईला उगा तरास नको देऊ रे. स्वरा हाय ना, ती ठेवंल." स्वरा म्हणजे सुयशची चुलत बहीण, कॉलेजात शिकणारी. बेबीनंदाच्या मनात वाईट काही नव्हतं. दोन वर्षं सगळे ताराबाईंना काचेच्या बरणीसारखं जपत होते, हळू बोलत होते, हात लावायला भीत होते. ताराबाईंनी ते ऐकलं, पाटी घेतली, पण काही लिहिलं नाही.

भालचंद्रांना ती कोरी राहिलेली पाटी लागली. माणसाचा आवाज जातो ते डॉक्टरच्या हातात, पण मान जातो तो घरच्यांच्या हातात, असं त्यांना वाटलं. आणि या वेळी तो त्यांच्या हातून जात होता, कारण विंडोज त्यांनी पुसली होती. दिवाळी आटोपली तेव्हा रविवारला आठ दिवस उरले होते.

त्यांनी ऑफिसच्या इंग्रजीत एका संकेतस्थळावर गाऱ्हाणं लिहिलं, 'रिस्पेक्टेड सर' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंत. बरेच जण बघून गेले. एकाने लिहिलं, नवीन लॅपटॉप घ्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्राझीलमधल्या राफाएल नावाच्या माणसाचं उत्तर आलं. तो शाळेत गणित शिकवायचा. त्याच्याकडे अगदी हाच लॅपटॉप होता, फक्त वर नाव दुसऱ्या कंपनीचं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले की त्याच्याकडे सकाळ व्हायची. चहाचा कप घेऊन भालचंद्र बसत आणि पृथ्वीच्या पलीकडून राफाएल कॉफी घेऊन बसे.

राफाएलने सांगितलं ते असं. आवाजाची चिप ओळखीचीच आहे, तिला चालवायचा प्रोग्रामही लिनक्समध्ये आहे. पण त्या प्रोग्रामजवळ एक यादी असते, कुठल्या कुठल्या लॅपटॉपांशी बोलायचं त्याची. तुमचा लॅपटॉप त्या यादीत नाही. नाव नाही म्हणून तो दार उघडत नाही.

भालचंद्र खुर्चीत ताठ झाले. हे त्यांना आरपार कळलं. खांब उभा आहे, तार ओढलेली आहे, घरात फोन ठेवलेला आहे, पण एक्स्चेंजच्या रजिस्टरात नंबर चढवला नाही, तर टोन येणार कुठून? "अगं तारा, हे तर आपलंच काम निघालं!" ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

पुढचे तीन दिवस त्यांनी नंबर चढवण्यात घालवले. राफाएल ओळ पाठवी, भालचंद्र ती वहीत उतरवून घेत, मग एकेक अक्षर बोटाने दाबत. एक स्वल्पविराम चुकला तर पडदाभर चुकांचा पाऊस. दोनदा तर लॅपटॉप सुरूच होईना. ताराबाई चहा आणून ठेवत, खांद्यावरून बघत आणि निघून जात. गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि 'डमी' जाऊन तिथे चिपचं खरं नाव आलं. भालचंद्रांनी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. राफाएलने तिकडून नाचणाऱ्या माणसाचं चित्र पाठवलं.

ताराबाई आल्या, हात पुसले, टाइप केलं, कळ दाबली. पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी नाचली. आवाज आला नाही.

बारकाईने बघितलं तर चिपच्या नावाखाली लिहिलं होतं, हेडफोन. लिनक्सचं म्हणणं असं की हेडफोन लावलेला आहे, म्हणून आवाज तिकडे सोडतोय. या घरात तारेचा हेडफोन कधी आलाच नव्हता.

"साफ खोटं बोलून राह्यलंय हे," भालचंद्र म्हणाले. त्यांनी राफाएलला कळवलं की प्रोग्राममध्ये दोष आहे, त्याला हेडफोनचा भास होतो. राफाएलने संकोचत विचारलं, सर, चुकून हेडफोन लावलेला तर नाही ना? भालचंद्रांना राग आला. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न! त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, नो हेडफोन इन माय हाउस, सर.

शुक्रवार त्या भासाशी झटापट करण्यात गेला. हेडफोनकडे बघू नकोस, असं यंत्राला सांगणारी एक ओळ राफाएलने दिली, ती लागली नाही. दुसरी दिली, तिच्यापायी हिरवी पट्टीही मेली. दुपारी ताराबाई शेजारी येऊन बसल्या. नवऱ्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला, सवयीने काहीतरी टाइप केलं, कळ दाबली आणि उठून गेल्या. आवाज तर येणार नव्हताच. भालचंद्रांनी वाचलं. 'पुरे झालं आता. तुम्ही दमलात. नाव स्वराला ठेवू द्या.'

ते पुसायला त्यांचा हात धजेना. त्यांनी खिडकी तशीच बाजूला सारून ठेवली.

संध्याकाळी राफाएलचा निरोप आला. एक शेवटचं बघा. कुठलाही हेडफोन आणा, तो लावा, काढा आणि काय बदलतं ते कळवा. शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच भालचंद्र राधेश्यामच्या पायरीवर उभे होते.

"काका, आता तारवाला कोण वापरतो?" राधेश्याम म्हणाला, पण धूळ झटकून एक काढून दिला.

घरी येऊन त्यांनी लॅपटॉपच्या डाव्या कडेच्या भोकात हेडफोनची पिन घातली. पिन जाईना. दाबली, तरी जाईना. चष्मा कपाळावर गेला, बॅटरी हातात आली. भोकाच्या आत, अगदी तोंडाशी, काहीतरी तपकिरी अडकलेलं दिसलं. त्यांनी एक्स्चेंजमधला जुना बारीक चिमटा काढला आणि अलगद ओढलं. बाहेर आल्या त्या एकमेकींना चिकटलेल्या दोन बारीक काड्या, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या. त्यांनी त्या नाकाजवळ नेल्या. मोगरा.

दसऱ्याची सकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. उदबत्तीचं घर देवघरात होतं. उठून आणायचा कंटाळा. समोर लॅपटॉपच्या कडेला बेताचं भोक. दोन उदबत्त्या त्यांनीच, याच हातांनी, त्यात खोचल्या होत्या. मग पाट उचलताना त्या मोडल्या आणि वरचे तुकडे निर्माल्यात गेले. यंत्राला भास होत नव्हता. ते बिचारं दहा वेळा सांगत होतं की भोकात काहीतरी आहे. भोकात डोकावून बघायचं सोडून त्यांनी दोन दिवस त्यालाच खोटं पाडलं होतं, आणि त्यासाठी एका परक्या भल्या माणसालाही कामाला लावलं होतं.

पडद्यावर 'हेडफोन' जाऊन 'स्पीकर' आलं होतं. कालच्या दोन ओळी पुसून त्यांनी मूळची तेवढी ठेवली. मग बाजूची खिडकी पुढे आणली आणि कळ दाबली.

"पुरे झालं आता. तुम्ही दमलात. नाव स्वराला ठेवू द्या." सपाट, संथ, पत्र्याच्या डब्यातला आवाज सगळ्या घरात घुमला.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. ताराबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. महिन्याभराने त्यांचा आवाज त्यांना ऐकू आला होता, आणि तो हार मानून बसला होता. त्यांनी नवऱ्याला बाजूला केलं आणि कणकेच्या बोटांनीच टाइप केलं.

"मी असं कधी म्हणाले?"

"कालच म्हणालीस," भालचंद्र म्हणाले. हसू आणि रडू त्यांना एकदमच येत होतं.

"चूक झाली. खोडा ते."

त्यांनी ते खोडलं. मग हात पुढे करून तळव्यावरच्या दोन काड्या दाखवल्या आणि सगळं कबूल केलं. कुठे खोचल्या, का खोचल्या, काही लपवलं नाही. ताराबाईंनी काड्या बघितल्या, नवऱ्याकडे बघितलं, आणि शांतपणे, एकही अक्षर न चुकता टाइप केलं.

"भालचंद्र कुलकर्णी, लाईन आधी, एक्स्चेंज नंतर."

संध्याकाळी राफाएललाही खरं ते कळवावंच लागलं. उदबत्तीला इंग्रजी शब्द सापडला, पण शस्त्रपूजा समजावता समजावता पानभर मजकूर झाला. राफाएलने उत्तर दिलं की हा लॅपटॉप मूळ यादीत चढवावा म्हणून त्याने अर्ज केला आहे, आणि लोकांसाठीच्या सूचनांत एक ओळ घातली आहे. हेडफोनचं भोक रिकामं आहे ना, ते आधी डोळ्यांनी बघा.

रविवारी सकाळी दोघं अंबडमार्गे तीर्थपुरीला पोचले. वाटेत शेतांत कापसाची वेचणी चालली होती. लॅपटॉप ताराबाईंच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेला. बेबीनंदा दारातच भेटली. तिने लॅपटॉपकडे बघितलं, मग ताराबाईंच्या गळ्याच्या रुमालाकडे.

"ताई, तुम्ही नुसतं बसा. दगदग नको. स्वरा हायच," ती म्हणाली.

ताराबाईंनी ओट्यावर बसकण मारली, झाकण उघडलं आणि टाइप केलं. "स्वराला धपाटे मारायला ठेवा. नाव मी ठेवणार."

बेबीनंदाने पदर तोंडाला लावला.

पाळणा फुलांनी सजवला होता. सुयश आणि सुरुचीने ताराबाईंना आतल्या खोलीत नेऊन नाव सांगितलं, तेवढ्यापुरतं दार बंद होतं. मग बायकांचा घोळका पाळण्याभोवती जमला. बाळ पाळण्याखालून आणि वरून फिरलं, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या झालं. कोणीतरी पेटलेली उदबत्ती घेऊन जागा शोधत होतं. भालचंद्र लगबगीने पुढे झाले, "इकडं द्या," म्हणाले आणि ती हातात धरून दारात उभे राहिले. मग सबंध वेळ ती त्यांच्याच हातात होती.

ताराबाई पाळण्याशी टेकल्या. लॅपटॉप मांडीवर घेतला, बाळाच्या कानाजवळ आणला, आवाज कमी केला. बाळ झोपलं होतं. त्यांनी टाइप केलं आणि कळ दाबली.

"कुर्रर्र. तुझं नाव रेवा."

लॅपटॉपला कुजबुजता येत नाही, त्यामुळे कानात सांगायचं नाव अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. ताराबाईंच्या बाबतीत ते काही नवीन नव्हतं. बाळाने डोळे उघडले आणि आवाजाच्या दिशेने, म्हणजे ताराबाईंच्या दिशेने, मान वळवली.

आता धपाटे पडायला हवे होते. पण कोणी हलेना. बायका एकमेकींकडे बघत होत्या. नाव तर यंत्राने सांगितलं, मग मारायचं कोणाला? आणि अशा नाजूक बाईच्या पाठीत हात उचलायचा कसा? ताराबाई वाकून तशाच थांबल्या होत्या, पाठ पुढे करून. भालचंद्रांच्या हातातल्या उदबत्तीची राख चपलांवर पडली. त्यांना वाटलं, आवाज आणला मी, पण हे काही माझ्या हातात नाही.

बेबीनंदा पुढे झाली. तिने बांगड्या मागे सारल्या आणि नणंदेच्या पाठीत एक धपाटा घातला. हलकाच.

ताराबाईंची बोटं कळफलकावर धावली. "बेबे, सुयशच्या वेळी तीन दिवस पाठ दुखत होती. आता काय उपास चाललाय तुझा?"

पत्र्याचा डबा हे बोलला आणि खोलीत हशा पिकला. बेबीनंदा हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिने दुसरा धपाटा घातला, तो मात्र दणकून, तिच्या जुन्या हाताचा. मग स्वराने घातला, मग म्हाताऱ्या मावशीने, मग सगळ्याच तुटून पडल्या. ताराबाई बिनआवाजाच्या हसण्याने गदगदत होत्या आणि एका हाताने लॅपटॉप सांभाळत होत्या. दोन वर्षांत त्यांना इतक्या जणींनी एकदम हात लावला नव्हता.

भालचंद्रांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि डोळ्यांत धूर गेल्याचं सोंग त्यांनी केलं नाही. पाळण्याजवळ आता घुगऱ्यांत मीठ जास्त झाल्याची बातमी लॅपटॉप सगळ्यांना देत होता. त्यांनी उदबत्ती सुयशच्या हातात दिली आणि पिशवीतला चार्जर शोधायला ते आत गेले, कारण ताराबाई आता संध्याकाळपर्यंत काही थांबणार नव्हत्या.